शेरा: पार्श्वसंगीत नाही

गेल्या वर्षी पाहिलेल्या सिनेमांची मी एक्सेल शीट ठेवली होती. नोकरीची सवय, दुसरं काय. वर्षाअखेरीस चाळताना दोन नोंदींवर अडकलो: प्रभातचा 'कुंकू' (1937) आणि रोहन कानवडेचा 'साबर बोंडं' (2025). दोन्हींपुढे मी एकच शेरा मारला होता: पार्श्वसंगीत नाही.

'कुंकू' आला तेव्हा आपल्याकडे बोलपटाला जेमतेम सहा वर्षं झाली होती. लोक गाण्यांसाठीच थिएटरात जात. गाणी 'कुंकू'तही आहेत. शांता आपटे चक्क लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. पण एरवी शांतारामांनी ऐकू येऊ दिले ते फक्त त्या घरातले, रस्त्यावरचे आवाज. म्हाताऱ्या काकासाहेबांचं जुनं घड्याळ टिकटिकत राहतं आणि फसवून लग्न लावलेली नीरा त्यांना नवरा मानायला साफ नकार देते.

कथा ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरची. 1929चा शारदा कायदा तेव्हा होता (हे नाव हरविलास सारडांवरून, देवलांच्या 'शारदा' नाटकावरून नव्हे, मी कितीतरी वर्षं उलटंच समजत होतो). त्यानं मुलीचं किमान वय 14 ठरवलं. नवरा जास्तीत जास्त किती वयाचा असावा, यावर मात्र काही बंधन नव्हतं. म्हणजे काकासाहेब कायद्यात बसत होते. नीराचं भांडण कायद्याच्या पलीकडचं होतं.

'साबर बोंडं'मधला आनंद वडिलांच्या दहाव्यापर्यंत मुंबईहून गावी येऊन राहतो. सुतकातही नातेवाईक लग्नाचं विचारतात. त्याचा जीव बाल्यात आहे, हे त्यांना कसं सांगणार? सनडान्सला या सिनेमाला मोठं पारितोषिक मिळालं, ते ठीकच. मला आठवते ती त्या घरातली शांतता.

दिवाळीत आईला 'कुंकू' दाखवला. तिला आवडला. संपल्यावर म्हणाली, "नीराला कुणी विचारलंच नाही. तुला तर आम्ही रोज विचारतोय."

मी लॅपटॉप बंद केला आणि चहा टाकायला उठलो.

'साबर बोंडं' तिला अजून दाखवलेला नाही. शीटमध्ये 'कुणाबरोबर' असाही एक रकाना आहे. तिथे मी 'एकटा' लिहिलंय.