वेठीचा जमाखर्च

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीच्या मुलखाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास दफ्तरांत राजवटी सापडतात. पण ज्या खांद्यांवरून त्या राजवटींचा सरंजाम या अरण्यात शिरला, त्या खांद्यांची नोंद सहसा सापडत नाही. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांचे राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले, १८५४ मध्ये भोसल्यांचेही राज्य खालसा होऊन कंपनीचा अंमल बसला, १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला, आणि ही स्थित्यंतरे होत असता हा प्रदेश चांदा जिल्ह्यातील सर्वांत मोठ्या, म्हणजे अहेरीच्या, जमीनदारीच्या छायेखाली राहिला. शिक्के बदलले, वसुलाची रीत बदलली. परंतु साहेबाचा तंबू असो, जमीनदाराचे धान्य असो की जंगल खात्याच्या अंमलदाराचे सामान असो, ते बांडिया नदीच्या काठाने वा सुरजागडच्या डोंगराच्या पायथ्याने पुढच्या मुक्कामी पोचायचे ते येथल्या माडिया आदिवासी माणसाच्या स्नायूंच्या बळावर.

याचे कारण भूगोलात जितके आहे तितकेच सत्तेतही आहे. गाडीवाटा थोड्या, आणि ज्या होत्या त्याही पावसाळा लागला की नद्यानाल्यांनी तोडून टाकलेल्या. तेव्हा भार वाहणारा माणूस ही त्या काळची गरज होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या माणसाने हुकूम येताच हातची पेरणी टाकून, विनामोबदला किंवा नाममात्र मोबदल्यावर निघावे, ही गरज नव्हती. तो अधिकाराने पाडलेला वेठीचा प्रघात होता. धन्याचे सामान वाहणे, घरे शाकारणे, जळण फोडून देणे ही कामे जमीनदारी अमलात रयतेच्या माथी असत. पुढे राखीव जंगलांत जी वनग्रामे वसविण्यात आली, तेथेही खात्याच्या कामाला मजूर हजर ठेवणे ही वस्तीचीच अट होऊन बसली.

या वाहतुकीचे साधन म्हणजे कावड. बांबूची लवचीक दांडी, तिच्या दोन टोकांना दोरीच्या शिंक्यांत तोलून टांगलेले ओझे, आणि मधोमध एक खांदा. कावडकरी चालतो तो आपल्या नेहमीच्या चालीने नव्हे. आखूड पावले टाकीत, किंचित धावता धावता, दांडीच्या हेलकाव्याशी पाऊल जुळवीत तो जातो, आणि न थांबता मानेच्या मागून दांडी फिरवून खांदा पालटतो. अशा लवचीक दांड्यांचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा दिसून आले ते असे की, दांडीच्या लवण्यामुळे खांद्याला बसणारे धक्के खरोखरच सौम्य होतात, मात्र वाहणाऱ्याच्या शरीरात जी ऊर्जा खर्ची पडते ती तेवढीच पडते. बांबू खांदा वाचवितो. अन्न वाचवीत नाही.

ते अन्न स्नायूत कसे खर्ची पडते, हे कळावयास विज्ञानालाही दीर्घ काळ लागला. स्नायू आकसतो म्हणजे त्याचे तंतू स्वतः आखडतात, असा समज बराच काळ रूढ होता. १९५४ च्या मे महिन्यात अँड्र्यू हक्सले व निडरगर्के आणि ह्यू हक्सले व जीन हॅन्सन या दोन स्वतंत्र जोड्यांनी ‘नेचर’ नियतकालिकाच्या एकाच अंकात दाखवून दिले की, तंतूंची लांबी बदलतच नाही. दोन हातांची बोटे एकमेकांत सरकवावीत तसे मायोसिनचे जाड तंतू आणि ॲक्टिनचे बारीक तंतू एकमेकांत सरकतात. मज्जातंतूचा संदेश येताच स्नायुपेशीत कॅल्शियम मोकळे होते, मायोसिनची सूक्ष्म मुंडकी ॲक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा धरतात; एका ओढीत सरकते अंतर मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी, पण अशा कोट्यवधी ओढी एकवटल्या म्हणजे कावड उचलली जाते.

प्रत्येक ओढीला किंमत पडते ती ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेटच्या, अर्थात एटीपीच्या, एका रेणूची. विशेष हे की, ही किंमत केवळ ओढण्यासाठी नसून सोडण्यासाठीही आहे; नवा रेणू येऊन बसल्यावाचून मायोसिनची पकड सुटत नाही, आणि मृत्यूनंतर देह ताठरतो तो हा पुरवठा तुटल्यामुळेच. स्नायूतील एटीपीची शिल्लक जोराच्या श्रमात जेमतेम दोन-तीन सेकंद पुरते. मग फॉस्फोक्रिएटिनचा साठा आणखी आठ-दहा सेकंद भरपाई करतो. हा दुसरा पदार्थ १९२७ मध्ये हार्वर्ड येथे सायरस फिस्के यांच्यासमवेत ज्यांनी उजेडात आणला, ते यल्लाप्रगडा सुब्बाराव १८९५ मध्ये भीमावरम येथे, म्हणजे ज्या गोदावरीला एटापल्लीचे सारे पाणी अखेर मिळते तिच्याच खालच्या अंगाला, जन्मले होते; १९२९ मध्ये खुद्द एटीपीच्या शोधातही, जर्मनीतील लोमान यांच्या जोडीने, त्यांचे व फिस्के यांचे नाव येते. या दोन्ही शिलका सरल्या की पुढचा सारा मार्ग स्नायूंत व यकृतात साठविलेली शर्करा, अंगावरची चरबी आणि श्वासाने येणारा प्राणवायू यांच्या जोरावर कापावा लागतो. आणि त्यातूनही जेमतेम चौथा हिस्सा कामी येऊन उरलेला उष्णता होऊन घामावाटे जातो.

येथे यंत्रशास्त्र आणि शरीरशास्त्र यांच्या हिशेबात एक विलक्षण तफावत पडते. सपाट वाटेवरून ओझे एका गावाहून दुसऱ्या गावी नेले, तर त्या ओझ्याला उंची मिळाली नाही म्हणून यंत्रशास्त्राच्या व्याख्येप्रमाणे त्यावर झालेले कार्य जवळजवळ शून्य भरते. नुसते खांद्यावर धरून उभे राहिले, तर निखालस शून्य. उलट स्नायूत मात्र त्या सर्व वेळी धरणे-सोडणे अखंड चालू असते आणि एटीपी जळत असतो. वेठीच्या दफ्तराने नेमका पहिला हिशेब पत्करला होता: सामान मुक्कामी पोचले, खर्च शून्य.

खर्च झाला होता तो माडियाच्या घरच्या कणगीतून. पेंड्यावर, म्हणजे जंगल तोडून केलेल्या फिरत्या शेतीवर, पिकविलेली कोसरी, भाताची आंबील, उन्हाळ्यात वेचून सुकविलेली मोहफुले, जंगलातील कंद आणि नदीची मासळी, हे त्या स्नायूंचे इंधन होते. ज्या सरकारने जंगल राखीव करून फिरत्या शेतीला आळा घातला, त्याच सरकारच्या दौऱ्यांना त्या शेतीवर पोसलेले खांदे हवे होते. आणि पेरणी-निंदणीच्या दिवसांत, म्हणजे कणगी तळाला लागते त्या वेळी, दिलेला प्रत्येक दिवस पुढच्या वर्षाच्या पिकातूनही वजा होत असे.

राबणाऱ्याच्या अन्नाचा हा प्रश्न पूर्वी कोणाला सुचलाच नव्हता असे नाही. १७८९ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी सेगँ यांच्यासह श्वसनाची मोजणी करून श्रमात प्राणवायू अधिक खर्ची पडतो हे सिद्ध केले, आणि तेथेच न थांबता विचारले की, जो हातांनी राबतो त्याचा देह अधिक झिजतो, त्याला अन्नही अधिक लागते, मग विपुलता नेमकी न राबणाऱ्याच्याच वाट्याला का यावी? विचारणारा गृहस्थ स्वतः फ्रान्सच्या राजाच्या करवसुलीचा एक इजारदार होता आणि त्याच पायी १७९४ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्नाचे वजन वाढते.

घटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने १९५० मध्ये वेठबिगार निषिद्ध ठरविली, १९५१ मध्ये जमीनदारी गेली, १९७६ मध्ये वेठबिगारीच्या उच्चाटनाचा स्वतंत्र कायदा झाला. कायद्याने प्रघाताची मुळे तोडली, तरी हिशेबाची जुनी खोड तशी सहजी गेली नाही. त्याआधीच १९४५ मध्ये बल्लारपूरला कागदाची गिरणी निघाली, या जंगलांतील बांबूला मोठे गिऱ्हाईक मिळाले, आणि वेठीच्या जागी मजुरी आली. पण ती मोजली जाई तोडलेल्या बांबूवर. तेंदूच्या हंगामात आजही सत्तर पानांच्या पुडक्याला दर असतो. पहाटे उठून जंगलात केलेली पायपीट आणि भारा डोक्यावर घेऊन फळीवर, म्हणजे पाने मोजून घेण्याच्या जागी, येणे यांचा त्यात वेगळा रकाना नाही. आणि पावसाळ्यात नाला चढला की आजारी माणसाला वा अवघडलेल्या बाईला खाटेची कावड करून गावकरीच दवाखान्याच्या वाटेला लावतात. ही वेठ नव्हे, आपुलकी आहे. पण जो पूल बांधला गेला नाही त्याचा खर्च तेथेही चार जणांच्या स्नायूंतूनच वसूल होतो.

स्नायू शक्ती निर्माण करीत नाही, अन्नातली शक्ती फक्त पालटून देतो, एवढेच शरीरशास्त्राचे सांगणे आहे. तेव्हा या तालुक्याचा आर्थिक इतिहास कधी साक्षेपाने लिहिला जाईल, तर सागाचे घनफूट, बांबूचे टन आणि लोहखनिजाचे भाव यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा लागेल: हे सारे जंगलाबाहेर नेताना कोणाच्या कणगीतले किती धान्य जळले, आणि त्यापैकी किती परत भरून दिले गेले. वेठीच्या सबंध काळासाठी त्या दुसऱ्या आकड्याच्या जागी फारसे काही लिहावे लागणार नाही.