तंजावरचा पहिला निकाल

तंजावरचा राजवाडा पाहावयास जाणारा मराठी प्रवासी बहुधा सरस्वती महालातील पोथ्या पाहून समाधानाने परततो. आम्हांस मात्र तेथे एका कोंडलेल्या मुलाची आठवण झाली, आणि पाय निघेना.

१७८७ साली मृत्युशय्येवरील तुळजाजीराजांनी नऊ वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले आणि त्यांचा सांभाळ करावा, अशी विनंती जर्मन पाद्री श्वार्ट्झ यांस केली. हिंदू राजाने ख्रिस्ती धर्मोपदेशकावर एवढा भरवसा टाकला, हे नवलच. श्वार्ट्झ यांनी एकट्याने तो भार घेण्याचे नाकारले व राजाचे सावत्र बंधू अमरसिंग यांच्याकडे कारभार सोपविण्याचा सल्ला दिला. उभा जन्म माणसांची मने जाणण्यात गेलेल्या सत्पुरुषाची पारख येथे चुकली.

राजे निवर्तताच मद्रासचे गव्हर्नर कॅम्बेल यांनी बारा पंडितांचे मत घेतले. दत्तक अशास्त्र ठरले व अमरसिंग गादीवर आले. पंडितांना पैसा चारला गेला, असा आरोप पुढे झाला. इकडे सरफोजी राजवाड्यात कोंडले गेले. शिक्षण तर दूरच, पुरेसा उजेडही त्यांना मिळेना. तेव्हा ज्यांच्या सल्ल्याने मूल अमरसिंगांच्या हाती गेले होते, त्याच श्वार्ट्झ यांनी सरकारकडे सतत लिखापढी केली. १७९३ साली सरफोजींना मद्रासला नेण्यात आले. काशी व बंगालच्या पंडितांचा कौल दत्तकाच्या बाजूने पडला आणि जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. श्वार्ट्झ त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते.

या न्यायाची किंमतही थोडी नव्हती. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला.

सरफोजींनी गुरूच्या स्मरणार्थ फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करविले. परंतु स्वतःचा धर्म सोडला नाही. १८०३ साली त्यांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला.

आपल्यापैकी पुष्कळांच्या हातांखालून रोज चौकशीचे कागद जातात. त्यांनी हे प्रकरण ध्यानी ठेवावे, असे आम्हांस वाटते. अधर्म येथे शास्त्राचे वचन मुखी घेऊन आला होता. त्याला ओळखण्यास धर्मज्ञान पुरले नाही, सज्जनपणाही पुरला नाही. आपला सल्ला चुकला हे दिसल्यावर स्वस्थ न बसणे, एवढेच कामी आले.