डिग्रीत गणित कशाला?

कॉम्प्युटरची डिग्री घेतलेल्या जवळपास प्रत्येकाने एकदा तरी विचारलेला प्रश्न म्हणजे, "च्यायला, हे गणित आम्हाला कशाला?" एम-थ्री नावाच्या पेपरने कित्येकांना केटी मिळवून दिली आणि नोकरी लागल्यावर त्यातलं एक इंटिग्रेशनही कधी करावं लागलं नाही. मग हे विषय यादीत घातले कोणी आणि कधी? या शनिवारी-रविवारी त्याचाच माग काढत बसलो, तर एक मस्त भांडण हाती लागलं. साठेक वर्षं चाललेलं!

सुरुवातीला तर अशी डिग्रीच नव्हती. केंब्रिजने १९५३ साली एक वर्षाचा डिप्लोमा सुरू केला, त्याचं नाव 'न्यूमरिकल ॲनालिसिस आणि ऑटोमॅटिक कॉम्प्युटिंग'. म्हणजे यंत्र हे आकडेमोडीचं साधन, बस्स. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने १९६२ मध्ये कॉम्प्युटर सायन्सचा वेगळा विभाग काढला, स्टॅनफर्डने १९६५ मध्ये. पण बाकीच्या खात्यांतले प्राध्यापक नाकं मुरडत होते. यंत्राचं कसलं आलंय शास्त्र? वॉशिंग मशीनचं शास्त्र कोणी शिकवतं का?

या शंकेला नेवेल, पर्लिस आणि सायमन या तिघांनी १९६७ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात पत्र लिहून उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. वनस्पती आहेत म्हणून वनस्पतीशास्त्र आहे, प्राणी आहेत म्हणून प्राणीशास्त्र आहे, तसे कॉम्प्युटर आहेत म्हणून कॉम्प्युटर सायन्स. उत्तर झकास आहे, पण त्यातून अभ्यासक्रम निघत नाही ना! परीक्षा कशाची घ्यायची?

ते काम एसीएम या संघटनेच्या समितीने केलं. मार्च १९६८ मध्ये 'करिक्युलम ६८' प्रसिद्ध झाला. पदवीसाठी आठ विषय सक्तीचे: कॉम्प्युटिंगची ओळख, प्रोग्रॅमिंग, डिस्क्रीट स्ट्रक्चर्स, न्यूमरिकल कॅल्क्युलस, डेटा स्ट्रक्चर्स, प्रोग्रॅमिंग लँग्वेजेस, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन आणि सिस्टम्स प्रोग्रॅमिंग. शिवाय पाचांतले दोन निवडायचे. त्या पाचांत कंपायलर होता, स्विचिंग थिअरी होती आणि न्यूमरिकल ॲनालिसिसचे दोन पेपर होते. आणि याखेरीज गणित वेगळं: कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, प्रोबॅबिलिटी. ओळखीचं वाटतंय ना? आपल्या मार्कशीटचं खापरपणजोबा म्हणा हवं तर.

एवढं गणित का? मला दिसणारी कारणं दोन. एक म्हणजे तेव्हाच्या यंत्रांचं मोठं काम खरोखरच शास्त्रीय आकडेमोडीचं होतं. दुसरं म्हणजे हा विषय नवखा होता. नवीन सून जशी पहिली काही वर्षं पदर सावरून वावरते, तसा हा विषय गणिताचा पदर घेऊन विद्यापीठात शिरला.

भांडण लगेच सुरू झालं. त्याच वर्षीच्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात रिचर्ड हॅमिंग यांनी विषयाला इंजिनियरिंगचं वळण हवं असं सांगितलं. हे स्वतः गणितज्ञ, बेल लॅब्जमध्ये काम करणारे. त्यांची मागणी अशी की प्रत्येक विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत एक बऱ्यापैकी मोठा प्रोग्रॅम स्वतः डिझाइन करावा, लिहावा, डीबग करावा आणि त्याचं डॉक्युमेंटेशनही करावं. डॉक्युमेंटेशन! १९६८ मध्ये! आपल्या ऑफिसात अजून तेच रडगाणं चालू आहे. :-)

लंबक दुसरीकडे गेला. 'करिक्युलम ७८' (छापून आला मार्च १९७९ मध्ये) म्हणाला की गाभ्याचे विषय समजायला साध्या बीजगणितापलीकडे काही लागत नाही. गणिताचे पेपर यादीत राहिले, पण गाभ्याच्या एकाही विषयासाठी ते आधी पूर्ण करायची अट नव्हती. म्हणजे देवघरातल्या फोटोसारखे, नमस्कार करायचा आणि कामाला लागायचं. १९८० मध्ये अँथनी रॅल्स्टन आणि मेरी शॉ यांनी यावर कडक लेख लिहिला आणि शीर्षकातच विचारलं की कॉम्प्युटर सायन्स खरंच इतकं गणितावाचून चालणारं आहे का? त्यांचा मुद्दा होता की आजची तंत्रं उद्या जुनी होतील, टिकेल ते त्यांच्या खालचं तत्त्व.

आणि झालंही तसंच. त्या ७८ च्या गाभ्यात 'फाइल प्रोसेसिंग' हा अख्खा विषय होता. आज त्या नावाचा वेगळा विषय कोण शिकतं? डेटाबेसने तो गिळून टाकला.

दुसऱ्या टोकाला डाइक्स्ट्रा. १९८८ मध्ये त्यांनी सुचवलं की पहिल्या वर्षी प्रोग्रॅम नुसते कागदावर लिहून गणिताने सिद्ध करायचे. आणि मुलांना चालवून बघायचा मोह होऊ नये म्हणून त्या भाषेचा कंपायलर कॅम्पसवर ठेवायचाच नाही. आपण सगळे नापास झालो असतो हे नक्की.

२००१ चा अभ्यासक्रम मला सर्वात बोलका वाटतो. गाभ्याचे एकूण २८० तास. त्यात सर्वात मोठा वाटा डिस्क्रीट स्ट्रक्चर्सचा, ४३ तास. प्रोग्रॅमिंगच्या पायाभूत भागाला ३८. आणि ज्या न्यूमरिकल मेथड्सच्या नावाने सगळं सुरू झालं, त्यांना गाभ्यात शून्य! रॅल्स्टन-शॉ यांचं अर्धं म्हणणं जिंकलं होतं. गणित राहिलं, पण गणित कुठलं ते बदललं.

मग आलं मशीन लर्निंग. एसीएम, आयट्रिपलई आणि एएएआय यांनी मिळून केलेल्या २०२३ च्या अभ्यासक्रमात गणित आणि संख्याशास्त्राचा वेगळा विभागच आहे आणि त्याच्या गाभ्यात डिस्क्रीटबरोबर प्रोबॅबिलिटी, स्टॅटिस्टिक्स आणि लिनिअर अल्जिब्रा. म्हणजे १९६८ च्या यादीतले पाहुणे बॅगा घेऊन परत!

आता 'कशाला' याचं एक साधं उदाहरण देतो. समजा प्रत्येक नोंदीला ३२ बिटांचा हॅश देऊन तोच ओळख क्रमांक म्हणून वापरायचा आहे. वेगवेगळ्या किमती सुमारे ४२९ कोटी. नोंदी लाखभर. बिनधास्त ना? नाही. साधारण ७७ हजार नोंदींनाच दोन हॅश सारखे निघण्याची शक्यता निम्म्यावर पोचते. टेस्टिंगला हजार नोंदी घेतल्या तर बहुधा काहीच दिसणार नाही, कंपायलरही बोलणार नाही आणि एआयने लिहिलेला कोड दिसायला देखणाच असेल. हा घोटाळा आधी ओळखायचा तर प्रोबॅबिलिटीच लागते.

म्हणून माझं मत: एम-थ्री ज्या पद्धतीने शिकवतात (आणि पाठ करून घेतात) त्याबद्दल तक्रार जरूर करा, मीही करतो. पण ते विषय यादीतून काढा म्हणू नका. आपली नोकरीची वर्षं पस्तीस-चाळीस, एका फ्रेमवर्कचं आयुष्य फार तर दहा. घरात कोणी यंदा ॲडमिशनचा फॉर्म भरत असेल, तर 'तिथे कुठली लँग्वेज शिकवतात' हे शेवटी विचारा. आधी विचारा की डिस्क्रीट आणि प्रोबॅबिलिटी कोण शिकवतं, आणि पोरांना त्यातलं कळतं का. बाकी लँग्वेज काय, नोकरी लागल्यावर आपण सगळेच शिकतो.