हॉल अँड ओट्स
ब्लू-आइड सोल, म्हणजे श्वेतवर्णीय कलावंतांनी आत्मसात केलेल्या आफ्रिकी-अमेरिकन सोल संगीताची परंपरा, तिच्यातील अग्रगण्य अमेरिकन जोडी. डॅरिल हॉल (जन्म १९४६) व जॉन ओट्स (जन्म १९४८) यांची १९६७ मध्ये फिलाडेल्फियात भेट झाली. ‘किस ऑन माय लिस्ट’, ‘प्रायव्हेट आइज’ (दोन्ही १९८१) आणि ‘मॅनईटर’ (१९८२) ही त्यांची गीते अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचली. ‘आय कान्ट गो फॉर दॅट’ हे गीत १९८२ मध्ये पॉपबरोबर कृष्णवर्णीय संगीताच्या क्रमवारीतही पहिले ठरले. ड्रम मशीनचा संयत ठेका आणि त्यावर मोकळेपणी फिरणारा हॉलचा भावपूर्ण आवाज हे त्याचे अविस्मरणीय वैशिष्ट्य. १९८५ मध्ये अपोलो थिएटरमध्ये ‘द टेम्प्टेशन्स’ या सोल गायकसमूहाचे माजी गायक डेव्हिड रफिन व एडी केंड्रिक्स यांच्यासह गाऊन या जोडीने आपले सांगीतिक ऋण कृतज्ञतेने व्यक्त केले.