तालीम : आखाड्यांतली आणि बैठकींतली

मराठी भाषेंत ‘तालीम’ हा एक शब्द दोन घरीं नांदतो. पहिलवान तालमींत जातो, आणि गवईही उस्तादाची तालीम घेतो. दोघांचाही गुरु तो ‘उस्ताद’. दोघांच्याही परंपरेंतला वडीलधारा तो ‘खलिफा’. आणि पहाटे उठून दोघेही जी करितात तिला नांव एकच, ‘मेहनत’. अरबी-फारसींतून आलेले हे शब्द आपण पिढ्यान् पिढ्या वापरीत आहोंत. परंतु साजापाशीं बसलेल्याची मेहनत आणि जोर काढणाऱ्याची मेहनत ह्यांत कांहीं नातें आहे काय, असें सहसा कोणी विचारीत नाहीं. घरांत मात्र हा प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहतो. मुलाला संध्याकाळीं तबल्याच्या वर्गाला धाडावें कीं मैदानावर? आणि वेळ एकाच गोष्टीपुरता असेल, तर तबला हाच व्यायाम समजून समाधान मानावें काय? ह्याचें उत्तर वैद्यकांत आहे तसेंच इतिहासांतही आहे. आणि इतिहासांतलें उत्तर थोडें बोचणारें आहे.

प्रथम व्यायाम कशास म्हणावें तें पाहूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, देहाला स्थैर्य देणारी व बळ वाढविणारी जी इष्ट हालचाल तिला व्यायाम म्हटलें असून ती मात्रेनें करावी असें बजाविलें आहे. सुश्रुतानें व्याख्या अधिकच सोपी केली : ज्या कर्मानें शरीराला आयास पडतो तें कर्म म्हणजे व्यायाम. तो अर्ध्या शक्तीनें करावा. आणि अर्धी शक्ति खर्च झाल्याची खूण म्हणजे हृदयांतला वायु मुखापर्यंत येऊं लागणें, अर्थात् दम लागणें. साधन कोणतें हा प्रश्न ह्या व्याख्यांत गौण आहे. हातांत मुद्गल असो कीं मृदंग, आयास पडला कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें.

आजचें शरीरशास्त्रही निराळें सांगत नाहीं. फक्त तें मोजून सांगतें. स्वस्थ बसलेला मनुष्य जेवढी शक्ति खर्च करितो तिला एक माप धरावयाचें, आणि निरनिराळ्या कामांस तिच्या किती पट खर्च येतो तें मांडावयाचें. अमेरिकेंतील संशोधकांनीं १९९३ सालीं अशी एक मोठी सारणी प्रसिद्ध केली व पुढें ती वेळोवेळीं सुधारली. तिच्या २०११ च्या आवृत्तींत बसून बांसरी वाजविणाऱ्यास सुमारें दुप्पट, पियानो किंवा व्हायोलिन वाजविणाऱ्यास सव्वादोन ते अडीचपट, बसून ड्रम बडविणाऱ्यास पावणेचारपट, आणि वाद्य वाजवीत झपझप चालणाऱ्या पथकांतील वादकास साडेपांचपट खर्च येतो असें दिलें आहे. तिपटीपासून मध्यम प्रतीचा व्यायाम सुरू होतो असा संकेत आहे. म्हणजे नुसतीं बोटें चालत आहेत तोंवर वादन हें बैठें कामच राहतें. हात खांद्यापासून फिरूं लागले, वाद्याचा भार अंगावर आला आणि पाय चालूं लागले, कीं तें व्यायामाच्या हद्दींत शिरतें.

जुन्या ग्रंथकारांना हीं दोन क्षेत्रें फार दूरचीं वाटत नव्हतीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें बाराव्या शतकांत जो ‘मानसोल्लास’ रचिला, त्याच्या एकाच विंशतींत मल्लविनोदही आहे आणि गीत, वाद्य व नृत्य ह्यांचे विनोदही आहेत. परंतु ह्या नात्याचा खरा साक्षीदार ग्रंथांत नसून शाळेच्या कोपऱ्यांत खुंटीला टांगलेला सांपडेल. तो म्हणजे लेझीम.

‘लेझीम’ हा शब्द फारसी ‘लेज़म’पासून आला. त्या भाषेंत त्याचा अर्थ वाद्य असा नव्हे, धनुष्य असा आहे. धनुर्विद्या शिकणाऱ्या नवशिक्याला ओढण्याचा सराव व्हावा म्हणून दिलेलें नरम धनुष्य तें लेज़म. आणि दोरीच्या जागीं लोखंडी साखळी लावून व्यायामासाठीं ओढावयाचें धनुष्य तेंही लेज़मच. इराणांतील झूरखान्यांत, म्हणजे तेथील आखाड्यांत, ह्याचा भाऊबंद आजही दिसतो. त्याला ‘कब्बादा’ म्हणतात. लोखंडी धनुष्य, त्याला साखळी, साखळींत चकत्या. मल्ल तें दोन्ही हातांनीं डोक्यावर धरून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे ओढीत नेतो, आणि प्रत्येक ओढीला तें खणखणतें. ह्या आखाड्याचा सूत्रधार ‘मुर्शद’ उंच आसनावर बसून ढोलक वाजवितो व गातो. त्याच्या तालावर खालीं मल्लांची कसरत चालते. युनेस्कोनें २०१० सालीं ह्या परंपरेची मानवजातीच्या वारशांत नोंद केली.

महाराष्ट्रांत ह्या धनुष्याचा कायापालट झाला. कमान जाऊन हातभर दांडा राहिला, साखळी आंखूड झाली, आणि जो खणखणाट मुळांत ओढीचें उपफळ असावा तोच मुख्य होऊन बसला. शस्त्राचें व्यायामसाधन झालें होतें. व्यायामसाधनाचें आतां वाद्य झालें. परंतु आयास गेला नाहीं, त्याची केवळ जागा बदलली. दंडाला पडणारी ओढ कमी झाली, तशी गुडघे, कंबर आणि पाऊल हीं कामाला लागलीं. हलगी-ढोलाच्या ठेक्यावर वांकणें, बसणें, उसळणें, पुन्हा रांगेंत येणें हें अर्धा घटका करून पाहणाऱ्यास सुश्रुताची खूण समजावून सांगावी लागत नाहीं. शाळांनीं लेझीम कवायतींत घेतली; १९८२ सालीं दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनासही ती मैदानांत उतरली.

आतां इतिहासाच्या बोचेकडे येऊं. लेझीम खेळणाऱ्या रांगेची कसरत ‘शारीरिक शिक्षण’ ठरली. तिला ताल देणारा हलगीवाला मात्र वाजंत्रीच राहिला. कोल्हापुरास शाहू महाराजांच्या आश्रयानें अल्लादियाखांचें गाणें वाढलें, आणि त्याच महाराजांनीं १९१२ सालीं कुस्तीसाठीं खासबाग मैदान उभें केलें. कुस्तीच्या मैदानांत हलगी कडाडल्यावांचून रंग भरत नाहीं. पहिलवानाची झुंज कांहीं मिनिटांची. हलगीवाला डाव्या खांद्याला हलगी अडकवून उन्हांत तासन् तास उभा. पहिलवानाला खुराक, फेटा आणि नांव. हलगीवाल्याला गांवकीच्या रिवाजानें मिळेल तें. दोघांच्या कपाळावरचा घाम सारखाच. पण एकाच्या घामाला व्यायाम म्हटलें आणि दुसऱ्याच्या घामाला चाकरी. हलगी वाजविणें हें महार-मांगांचें काम समजलें जाई, एवढेंच त्याचें कारण. डॉ. आंबेडकरांच्या चळवळींत अनेकांनीं गांवकीचीं असलीं कामें नाकारलीं, ह्यांत नवल नाहीं. चरकाच्या व्याख्येंतला ‘इष्ट’ हा शब्द येथें नीट वाचावा. जी हालचाल मनुष्य स्वतः इच्छितो ती व्यायाम. जी त्याच्यावर लादली जाते ती, अंग कितीही राबलें तरी, व्यायाम नव्हे.

आज पुण्याच्या गणेशोत्सवांत शिकलेल्या घरांतील मुलें-मुली कमरेला ढोल बांधून घंटोन् घंटे वाजवितात, महिना महिना आधीं सराव करितात, आणि त्यानें अंग कसदार होतें असें अभिमानानें सांगतात. तें खरेंच आहे. परंतु ढोल तोच, भारही तोच; बदलला तो वाजविणारा, आणि त्याच्याबरोबर त्या कष्टांचें नांव बदललें. उत्सवाचें कौतुक करितांना एवढी आठवण ठेवणें आपलें कर्तव्य आहे.

मग तबल्याच्या वर्गाला जाणाऱ्या मुलाचें काय? त्याला मैदानही हवें, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. पांच ते सतरा वर्षांच्या मुलांनीं दिवसाकांठीं सरासरी साठ मिनिटें तरी अंग हलवावें असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलें. बसून धरलेला ठेका ती भरपाई करीत नाहीं. उलट मांडी घालून तासन् तास बसणाऱ्या वादकाच्या पाठीला व खांद्यांना व्यायामाची गरज इतरांहून अधिकच असते. तबल्याला व्यायामाचें प्रशस्तिपत्र लागत नाहीं. तो स्वतःच्याच मोलावर शिकण्याजोगा आहे. आणि एखाद्या दिवशीं वेळ खरोखरच एका गोष्टीपुरता उरला, तर त्याच्या हातीं लेझीम द्यावी व त्याला अंगणांत सोडावें. मात्र समोर ठेका धरून जो उभा असेल, त्यालाही त्या दिवशीं उस्ताद म्हणावयास मुलाला शिकवावें.