पहिल्या मरतुकीआधीचे १६८ तास

फलटण तालुका पर्जन्यछायेतला. इथे पावसाची वाट पाहतात. पण शेडमध्ये तीन-चार आठवड्यांची ब्रॉयलर पिल्लं असतील तर परतीचा पाऊस वैऱ्यासारखा येतो. पुढचा घटनाक्रम कुठल्या एका शेडचा नाही. रक्ती हगवणीचं, म्हणजे कॉक्सिडिओसिसचं, वेळापत्रकच इतकं ठरलेलं आहे की तास मोजता येतात.

१६८ तास आधी : रात्री पडदा अर्धवट राहिला, झड आत आली. एक निपल आधीपासून गळतंय. त्याखालचं भाताचं तूस मुठीत दाबलं तर लाडू वळतो. विष्ठेतून पडलेली या रोगाच्या परजीवीची, आयमेरिया टेनेलाची, कवचबंद अंडी डोळ्यांना दिसत नाहीत आणि ताजी असताना बाधतही नाहीत. ओल, ऊब आणि हवा मिळाली की साधारण दोन दिवसांत पिकतात. ओलं तूस उचलून कोरडं टाकायला आत्ता अर्धा तास पुरेल.

१२० तास आधी : पिल्लू तूस टोचतं. गिझर्डमध्ये कवच भरडलं जातं आणि एकेका अंड्यातून आठ परजीवी सुटतात. आतड्याच्या शेवटी दोन आंधळ्या पिशव्या असतात, सिकम. परजीवी तिथल्या पेशींत घुसतात.

साधारण ६० तास आधी : परजीवींची पहिली पिढी पेशी फोडून बाहेर पडते, एकाचे शेकडो होऊन. शेडमध्ये सगळं आलबेल. सुपरवायझर वजनं लिहून निघून जातो.

२४ तास आधी : दुसरी पिढी आतड्याच्या अस्तरात खोल वाढलेली असते, ती फुटते तेव्हा रक्तवाहिन्याही फुटतात. पिल्लं पंख पाडून कोंडाळं करतात, तुसाच्या गादीवर, म्हणजे लिटरवर, लाल ठिपके दिसतात. मग धावपळ. फिनेल शिंपडणं ही निव्वळ मनाची समजूत. अंड्यांचं कवच त्याला दाद देत नाही. अँप्रोलियम पाण्यातून देताना हौसेनं बी-१ असलेलं टॉनिकही सोडतात. अँप्रोलियम परजीवीला तेच जीवनसत्त्व मिळू देत नाही, म्हणून टॉनिकनं त्याच्यावर पाणी पडतं. शिवाय त्याचा खरा मारा पहिल्या पिढीवर असतो, आणि ती केव्हाच होऊन गेलेली असते.

शून्य तास : मेलेलं पिल्लू फाडलं तर सिकम फुगून गर्द लाल, आत गोठलेलं रक्त. लागण झाल्यापासूनच्या पाचव्या-सहाव्या दिवशी मरतूक सर्वाधिक.

४८ तासांनंतर : वाचलेल्यांच्या विष्ठेतून नवी अंडी लाखांनी पडू लागतात. या पक्ष्यांना परजीवीच्या त्या जातीपुरती प्रतिकारशक्ती येते, वजन मात्र मागे पडतं.

दुकानदाराला विचारून औषध आणण्याआधी ताजं मेलेलं पिल्लू तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. आणि हे लिटर काढल्याशिवाय पुढचा लॉट टाकू नका.