पोटापाण्याची वकिली?

आमच्या डोणगावात १४ एप्रिलच्या भाषणांत महाड येतं, संविधान येतं. वकिली मात्र एका वाक्यात आटोपते: बाबासाहेबांनी पोटापाण्यासाठी वकिली केली. शिकलीसवरली माणसंही हेच म्हणतात, आणि त्याला आधार नाही असं नाही. १९२३ मध्ये त्यांनी मुंबई हायकोर्टाच्या अपील शाखेत वकिली सुरू केली. अस्पृश्य बॅरिस्टरला काम द्यायला सॉलिसिटर राजी नव्हते. घर चालवायला बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवावा लागला.

पण कमाई तुटपुंजी होती म्हणून ती विद्या दुय्यम ठरत नाही. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकापायी शिक्षा झालेल्या जवळकर-जेधे यांचं अपील १९२६ मध्ये त्यांनीच पुण्याच्या सेशन कोर्टात चालवलं; आरोपी सुटले.

महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्यांनी पाणी घ्यावं की नाही, या दाव्यात तर ते स्वतःच प्रतिवादी होते. १४ डिसेंबर १९२७ रोजी कोर्टाचा मनाई हुकूम आला आणि त्यांनी त्या महिन्याचा सत्याग्रह तहकूब केला. याला आजही माघार म्हणतात. मला ते मान्य नाही. धुऱ्याचा वाद मेहकरच्या कोर्टात नेलेला आमचा शेतकरीही जाणतो, की मनाई मोडली की मूळ दावा राहतो बाजूला आणि आपणच गुन्हेगार ठरतो. इथे मूळ दाव्यातच सगळं होतं. अस्पृश्यांना पाणी न देण्याची रूढी अनादि काळापासूनची, असं वादी, म्हणजे महाडचे सवर्ण, म्हणत होते. मग ती शाबीत कोणी करायची? त्यांनीच.

महाड, ठाणे, हायकोर्ट असा दावा सव्वानऊ वर्षं चालला. तळं चार-पाच एकरांचं, भोवती नगरपालिकेचे रस्ते, पलीकडे सवर्णांची घरं. ती घरं उठण्याआधी कोणी कोणाला अडवत होतं, याचा पुरावा कुठे होता? १७ मार्च १९३७ रोजी न्या. ब्रूमफील्ड यांनी वादींचं अपील फेटाळलं.

ही रूढी अन्याय्य की नाही, यात कोर्ट शिरलंच नाही. म्हणून काही विद्वान हा निकाल निव्वळ तांत्रिक मानतात. मला उलट वाटतं. रूढी अन्याय्य ठरवून मोडली असती, तरी ती प्राचीन असल्याचं दप्तरी नोंदलं गेलं असतं. आता नोंद अशी आहे, की ती प्राचीन असल्याचं वादींना दाखवताच आलं नाही.